सतरा सुपाऱ्यांची गाडी

"थुंक! आधी थुंक, दिन्या! कार्बुरेटर हाय तो!"

बारातेरामामांची ही आरोळी दहिवलीतून निघाली ती थेट घाटात ठाकुरवाडीच्या स्टेशनापर्यंत गेली आणि तिथं एका मालगाडीनं घाबरून ब्रेक लावले, असं मी आजवर निदान शंभर जणांना सांगितलंय. नव्वद जण हसले. दहांनी विचारलं, कुठली मालगाडी? मालगाडीचं सोडा, पण सुपारी मी तोंडात टाकली होती हे शपथेवर सांगतो. गोणपाटावर पडलेली दिसली, टाकली. तो कार्बुरेटर आहे हे मला काय ठाऊक?

शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, हे बारा-तेराचा पाना लावायचे, म्हणून बारातेरामामा. माझे सख्खे नव्हेत, अख्ख्या दहिवलीचे मामा. पत्र्याच्या शेडमध्ये शेतावरचे पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत बसायचे. यंत्र बिघडलं, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मशीन कधी बिघडत नाय रं," ते म्हणायचे, "त्यातलं कोणतरी निघून गेलेलं असतं. कोण गेलं ते बघायचं."

कोण गेलं ते बघायची त्यांची रीत जगावेगळी. गोणपाट अंथरायचं, खोललेला एकेक भाग जागच्या जागी मांडायचा आणि जो भाग नसेल त्याच्या जागी सुपारी ठेवायची. ही विद्या त्यांना सत्यनारायणानं दिली. मामी लेकीच्या बाळंतपणाला डोंबिवलीला गेल्या त्या वर्षी मामा पूजेला एकटेच बसले. भटजी म्हणाले, बायको घरात नाही तर कनवटीला सुपारी लावा, तिच्या जागी चालते. अख्ख्या पूजेतलं मामांनी तेवढंच उचललं. "देवाला चालतं, तर पंपाला का चालू नाय?"

मामी गेल्या होत्या दोन महिन्यांसाठी. ही गाडीची गोष्ट घडली तेव्हा ते बाळ चौथीत होतं, आणि मामी अजून तिकडंच.

मी मांडवाच्या सामानाचा टेंपो चालवायचो. एकदा मामांना घेऊन लोधिवलीच्या भंगारवाल्याकडे गेलो. खालापूरच्या बाजूचं एक रिसॉर्ट बंद पडलं होतं आणि त्याचं सामान तिथं येऊन पडलं होतं. त्या ढिगात एक चीज दिसली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, ढोकळ्याएवढी चार चाकं, एक सीट आणि एक स्टिअरिंग. भंगारवाला म्हणाला, फळांची हातगाडी आहे. मी म्हटलं, चाकं लावलेली खाट आहे. मामा तडक तिच्याखाली आडवे झाले. मागच्या पट्टीवरची माती थुंकी लावून पुसली, भोकांत बोटं घातली.

"हे अंतर माझ्या बोटांना पाठ हाय. पाण्याच्या पंपाचं इंजिन बसायचं हिथं." मग खालूनच आवाज आला, "गो-कार्ट हाय रं. पोरं रेस लावतात ती."

मग ते डावीकडे सरकले. तिथंही चार भोकं होती, चिखलानं बुजलेली. मामांनी तारेनं एकेक भोक कोरलं. इतका वेळ आवाज नाही की मला वाटलं माणूस गेला. शेवटी मामा बाहेर आले ते सोन्याचा हंडा सापडल्यासारखे.

"दोघांची हाय," ते म्हणाले. "हिथं दुसरी सीट व्हती."

त्याचं असं झालं होतं की आठच दिवसांपूर्वी मामी फोनवर म्हणाल्या होत्या, "तुमच्या स्कूटरनं माझी कंबर गेली. चारचाकी घ्या, मग येते." दुसरा कुणी नवरा हसून विसरला असता. मामांनी ती ऑर्डर म्हणून लिहून घेतली.

गोणपाटावर सतरा सुपाऱ्या मांडल्या गेल्या. इंजिन नाही, चेन नाही, ब्रेक नाही. एका बाजूचा स्टिअरिंगचा दांडा नाही, त्यामुळे एक चाक माथेरानकडे बघायचं आणि दुसरं खंडाळ्याकडे. मामांनी एकेकाला शोधून आणलं. कुणाच्या विहिरीवर गंजत पडलेल्या पंपाचं इंजिन, मोटारसायकलची चेन, मेलेल्या मोपेडचा ब्रेक. कार्बुरेटर मी आणला, खाल्ला मीच होता ना! भाग आला की मामा त्याच्या जागची सुपारी उचलून डबीत टाकायचे आणि म्हणायचे, "आला बाबा घरी."

एक सुपारी राहिली. दुसरी सीट.

"प्लास्टिकची खुर्ची दोरीनं बांधू," मी म्हटलं.

"मामीला दोरीनं बांधून आणू? ती माणूस हाय का गणपती?"

"मग एकट्यापुरती चालू करा की! सगळं तर आलंय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "एकटा तर स्कूटरवरबी फिरतो रं."

चार महिने गाडी उभी राहिली. संध्याकाळी मामा तिला टेकून चहा प्यायचे आणि मामींना फोन लावायचे. "होत आलीय. थोडंच राह्यलंय." पलीकडून मामी म्हणायच्या, "सावकाश होऊ द्या, घाई नाय." मग पलीकडे नातू काहीतरी सांडायचा आणि फोन बंद व्हायचा. मामा त्यानंतरही थोडा वेळ फोन कानालाच धरून बसायचे. असं बसलेलं कुणी बघितलं तर म्हणायचे, "रेंज बघतोय."

सीट सापडली ती त्याच बंद रिसॉर्टच्या फाटकात. आतलं सगळं भंगारात गेलं होतं, राहिला होता एक वॉचमन, आणि तो आंब्याखाली जमिनीवर पाय लांब करून असा बसला होता, की कुणी हिरवा झेंडा दाखवला असता तर आंब्यासकट सुटला असता. बुडाखाली आमची सीट! मी टेंपोतली मांडवाची गादीवाली खुर्ची, लग्नात नवरदेवाला देतात ती, त्याला देऊन टाकली. तो बिचारा उठून दोनदा नमस्कार करून बसला.

पुढच्याच महिन्यात पुतण्याच्या लग्नाला मामी एका रात्रीसाठी यायच्या होत्या. मामांनी गाडी धुतली, सीटवर धुवट चादर घातली, स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला, पाना मात्र खिशात तसाच. कर्जत स्टेशनाबाहेर रिक्षांच्या रांगेत गाडी उभी केली. रिक्षावाल्यांचं हसून हसून मीटर पडायची वेळ आली. हवालदार शिट्टी वाजवायला आला आणि हसता हसता त्यानं ती गिळली, असं मी सांगतो. गिळली नसेल, पण वाजवली नाही.

मामी आल्या. थांबल्या. "ही काय?"

"चारचाकी," मामा म्हणाले.

मामींनी चाकांकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, मग रिक्षावाल्यांकडे. "ह्याच्यात बसू? ह्या वयात? ही पिशवी घ्या त्यात." आणि त्या रिक्षात बसल्या.

पुढं रिक्षा, मागं मामा. दुसऱ्या सीटवर पिशवी. मामांनी तिला पट्टा लावला होता. मी टेंपोतून मागनं बघत होतो. रस्त्यात खड्डा आला की मामांचा डावा हात आपोआप पिशवीच्या पुढं जायचा, ती पुढं आपटू नये म्हणून. दहिवलीपर्यंत खड्डे काय कमी आहेत? हात जात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी निघाल्या. पुतण्याचे पाहुणे सगळ्या रिक्षा घेऊन गेले होते, एकही मिळेना, म्हणून मला बोलावलं. मी शेडमध्ये डोकावलो तर मामा पंप खोलून बसले होते. गाडीवरची चादर घडी करून ठेवलेली. दुसऱ्या सीटवर मधोमध एक सुपारी होती. मी नेहमीसारखं काहीतरी चेष्टेचं बोलणार होतो. त्याऐवजी टेंपो चालू करायला गेलो.

मामी माझ्याशेजारी टेंपोत बसल्या. टेंपोही चारचाकीच, पण तो विषय कुणी काढला नाही. नदीवरचा पूल आला तेव्हा मला राहवलं नाही.

"मामी, तुम्हीच म्हणाला होतात ना, चारचाकी घ्या, मग येते?"

मामींनी पिशवी मांडीवर नीट केली.

"म्हटलं असंल रं," त्या म्हणाल्या. "कायतरी म्हणायला लागतं."