गुरुवारचे दाजी

चार माणसं दर आठवड्याला एकाच विषयावर बोलायला बसली, की किस्से आपोआप साचतात. आमचा विषय म्हणजे सार्वकालिक जीवन, मेल्यानंतरचं कायमचं जगणं.

'आमचा' म्हणायचं एवढंच. मी मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या हिंदू घरातला. बायको एस्तेर ख्रिस्ती. दर गुरुवारी संध्याकाळी मी तिला सुशीलाबाईंकडे प्रार्थनेला स्कूटरवरून सोडायचो आणि बाहेर थांबायचो. मागच्या वर्षी ती गेली. त्यानंतरच्या एका गुरुवारी मी सवयीने तिथे पोचलो, आणि या वेळी आत जाऊन बसलो. तिच्यामुळे सगळे मला दाजी म्हणतात. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. मला एकच विचारायचं होतं: ती मला पुन्हा भेटेल का? पण धीर होत नव्हता.

*

पहिल्याच दिवशी प्रार्थना घेणाऱ्या पास्टरांनी बायबलमधला देवाचा करार समजावला. त्या काळी करार करणारे दोघे कापलेल्या जनावरांच्या मधून चालत जायचे म्हणे. पण अब्राहामाशी करार झाला तेव्हा मधून गेला एकटा देव. अब्राहाम गाढ झोपला होता.

"झोपलेल्या माणसाशी करार?" मी गोंधळून विचारलं.

"तीच तर कृपा, दाजी. सगळी जबाबदारी देवाने स्वतःवर घेतली."

सुशीलाबाईंचे मिस्टर विल्सनकाका दर मीटिंगला कोपऱ्यात पेंगतात. ते डोळे न उघडता म्हणाले, "सुशीला, ऐकलंस ना? आता मला कोपर मारायचं नाही."

*

आमच्यातल्या मेरीआत्यांचं पंचवटीत शिवणकामाचं दुकान आहे. गोदावरीचं पाणी दुकानात शिरलं, त्याच आठवड्यात नोहाचा धडा आला. पुन्हा जलप्रलयाने पृथ्वी बुडवणार नाही, असा देवाचा करार आणि त्याची खूण म्हणून इंद्रधनुष्य.

आत्या ओले कपडे पिळून आल्या होत्या. म्हणाल्या, "सगळी पृथ्वी बुडवणार नाही म्हणालाय. पंचवटीचं काही बोललेला नाही."

*

याच आत्यांना अनंतकाळाची धास्ती आहे. "तिथे कायम स्तुतिगीतं गायची. उभ्याने की बसून?"

"आत्या, तिथे नवं शरीर मिळणार आहे," पास्टर म्हणाले.

आत्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मग ऑपरेशन करून घ्या म्हणून माझ्यामागे कशाला लागलात?"

पास्टर चहा प्यायला लागले.

*

विल्सनकाका सत्तरीचे. त्यांची आई बाविसाव्या वर्षी गेली, काका तेव्हा पाळण्यात होते. त्यांनी एकदा विचारलं, "तिथे ती बावीसची, मी सत्तरचा. ती मला ओळखणार कशी?"

मेरीआत्या म्हणाल्या, "प्रार्थनेत झोपलास की पाठीत धपाटा बसेल. तीच आई."

काका हसले. पण त्या दिवशी ते झोपले नाहीत.

*

ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे दफनभूमीत गेलो. एस्तेरच्या कबरीवर मोगरा ठेवून मी हळूच म्हणालो, "आपल्याच शेतातला आहे गं."

सुशीलाबाई शिस्तीच्या. मागून म्हणाल्या, "दाजी, गेलेल्या माणसाशी बोलायचं नसतं. काय सांगायचं ते प्रभूला."

"मग प्रभू तिला सांगेल?"

"प्रभू काय पोस्टमन आहे?"

*

गेल्या गुरुवारी एकदाचं विचारलं. "पास्टर, माझा बाप्तिस्मा झालेला नाही. एस्तेर मला भेटेल का?"

पास्टरांनी बायबल उघडलं, मिटलं. "दाजी, खोटं नाही सांगत. मला माहीत नाही."

मी मान हलवली. निघावं की बसावं ते कळेना. तेवढ्यात सुशीलाबाईंनी डोळे मिटले, म्हणून मीही मिटले.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "आमची एस्तेर तुझ्याजवळ आहे. तिला सांग, दाजी दर गुरुवारी येतात. आता बाहेर थांबत नाहीत."

तेवढ्यात कोपऱ्यातून विल्सनकाकांचा आवाज आला. चांगलाच जागा.

"थांब, सुशीला, आमेन म्हणू नकोस. एस्तेरला म्हणावं, माझी आई शोधून ठेव. म्हणजे मी आलो की ओळख करून देता येईल, आणि दाजी आले की त्यांचीही."