मायाताईंचा लॅपटॉप बिघडला तो रविवार

मायाताई रामटेके नया रायपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेल्या, तेव्हा त्यांच्या ब्लॉकमध्ये दोनच घरांत माणसं होती. वरच्या मजल्यावर त्या, आणि तळमजल्यावर कुणी एक गृहस्थ, ज्यांचा टॉवेल तेवढा दोरीवर दिसायचा. बाकी दारांना कुलपं. मोठमोठी ऑफिसं जुन्या शहरातून इकडं आली होती, माणसं मात्र आली नव्हती. सकाळी तिकडच्या तेलीबांध्याकडून बसगाड्या भरून यायच्या, संध्याकाळी भरून परत जायच्या, आणि मग त्या रुंद, सरळ रस्त्यांवर फक्त दिवे उरायचे.

मायाताईंचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर जुन्या शहरातलं, गुढियारीचं घर दिरांकडं राहिलं. मुलगा यशदीप पुण्याला नोकरीला लागला. ऑफिसला यायच्या रोजच्या बसनं कंबर धरायला लागली, म्हणून मायाताईंनी क्वार्टरसाठी अर्ज केला. तो लगेच मंजूर झाला, कारण दुसरं मागणारंच कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्या की पर्स ठेवायच्या आधी त्या लॅपटॉप सुरू करायच्या. यशदीपचा कॉलेजातला जुना लॅपटॉप होता तो. बॅटरी गेलेली, वायर लावून ठेवली तरच चालायचा. पोरानं त्यात गाणी आणि सिनेमे भरून दिले होते. मायाताई ते पाहायच्याच असं नाही. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना घरात कुणीतरी बोलत असावं, एवढंच त्यांना हवं असायचं. रविवारी त्याच पडद्यावर यशदीपचा चेहरा दिसायचा.

एका शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप आपलं काहीतरी नवं भरून घेत होता आणि ‘बंद करू नका’ असं पडद्यावर सांगत होता. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू जायला लागलं. मायाताई धावल्या, पाय वायरीत अडकला, प्लग निघाला. पुन्हा लावून पाहिलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली: विंडोज सुरू होऊ शकत नाही, विनलोड नावाची फाइल गहाळ आहे किंवा खराब झाली आहे. कितीदा बंद-चालू केलं तरी तेच. त्या रात्री त्यांनी स्वयंपाकघरातला नळ थोडा उघडा ठेवला. आवाज असावा म्हणून.

सकाळी त्यांनी यशदीपला फोन लावला.

"मम्मी, वो फाइल वापस लानी पड़ेगी," तो म्हणाला. "दुकान में दोगी तो फॉर्मेट मार देंगे, सब चला जाएगा. आसपास किसी के पास विंडोज सेवन वाला कंप्यूटर है क्या? उससे रिपेयर डिस्क बनती है."

"आसपास कोन आहे रे इथं?" मायाताई म्हणाल्या.

पण फोन ठेवल्यावर त्यांना तो टॉवेल आठवला. साडी बदलून त्या खाली गेल्या, दारापर्यंत गेल्या, परत जिन्याशी आल्या. शेवटी कडी वाजवली.

निवृत्तीला आलेला एक माणूस बनियनवर शर्ट चढवत बाहेर आला. मायाताईंनी हिंदीत, जरा अडखळत, सगळं सांगितलं. त्या माणसाकडं कंप्यूटर होता, विंडोज सेवनच होतं, आणि एक कोरी सीडीही निघाली. मायाताईंनी पुन्हा यशदीपला फोन लावला आणि तो सांगेल तसं सांगू लागल्या. मध्येच म्हणाल्या, "थांब ना बाबू, यायले विचारू दे."

तो माणूस माउस सोडून वळला. "तुम्ही मराठी हाय काय?"

"हो. गोंदियाचे आम्ही."

"मी अकोल्याकडचा. दिवाकर गावंडे, लेखा विभाग." एवढं बोलून त्यांना एकदम हसू आलं. "आणि आपण मघापासून हिंदी फाडून राहिलो!"

डिस्क तयार झाली. गावंडे वर आले. मायाताईंनी दार सताड उघडं ठेवलं आणि खुर्ची दाराजवळ ओढली. सीडी घातल्यावर पडद्यावर दुरुस्तीचा पर्याय आला, आणि मग एक हिरवी पट्टी इकडून तिकडं सरकू लागली. किती वेळ लागेल ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. बसून राहण्यावाचून दुसरं काम नव्हतं.

मायाताईंनी चहा केला. गावंड्यांनी सांगितलं, बायको जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यात मुलाकडं असते, तिला इथं करमत नाही.

"मंग रविवारी नाही जात तुम्ही?"

"पहिले जात होतो. आता तेथं सगळ्यायले माह्याशिवाय राहायची सवय झाली. गेलो का टीव्हीचा आवाज कमी करतात, पाव्हना आल्यासारखा." त्यांनी बशीत चहा ओतला. "तुम्हाले भेव नाही वाटत इथं?"

"भेव नाही वाटत," मायाताई म्हणाल्या. मग कप खाली ठेवत म्हणाल्या, "ऑफिसातून आल्यावर तोंड उघडलं जात नाही. कधी कधी फोनवर बोलाले गेली का आवाजच फुटत नाही, खाकरा लागते."

गावंडे मान हलवत राहिले. हे त्यांना माहीत असावं.

पट्टी थांबली. दुरुस्ती होऊ शकली नाही, असं पडद्यानं सांगितलं. आणि मायाताईंना, कसं कोण जाणे, बरं वाटलं.

"पोरगा म्हणे का दोन-तीनदा करा लागते," त्या घाईनं म्हणाल्या.

"करू ना. मले कुठं जायाचं आहे?"

दुसऱ्यांदा पट्टी सरकू लागली. या वेळी त्यांनी पोहे केले. गावंड्यांनी त्यांच्या गावच्या विहिरीची, कापसाच्या ढिगात झोपण्याची गोष्ट सांगितली. मायाताईंनी सांगितलं, गुढियारीत मालगाडीच्या धडधडीत झोप लागायची, इथं शांततेनं जाग येते. दोघंही मराठी बोलत होते, सलग, मध्येच शब्द आठवला नाही तर थांबून तो शोधत.

मग लॅपटॉप आपोआप बंद झाला, पुन्हा उजळला, आणि सुरू होतानाचे ते ओळखीचे सूर वाजले. पडद्यावर यशदीपचा कॉलेजातला फोटो आला.

"झालं!" गावंडे म्हणाले आणि उभे राहिले. काम झालं होतं, आता बसायला कारण नव्हतं. त्यांनी सीडी काढून मायाताईंच्या हातात दिली. "ठेवा तुमच्याजवळच."

मायाताई जिन्यापर्यंत आल्या. "येत जा," हे शब्द त्यांच्या ओठांवर होते. पण एकट्या बाईनं हे म्हणावं का, या विचारात गावंडे खाली पोचलेसुद्धा.

त्या संध्याकाळी पडद्यावरच्या यशदीपनं विचारलं, "किसने बनाया?"

"खालचे आहेत एक जण. आपल्याच मराठीतले."

"अच्छा," तो म्हणाला, आणि आपल्या ऑफिसचं सांगू लागला.

पुढचे काही आठवडे जिन्यात नमस्कार झाले, एवढंच. मायाताईंना कितीदा खाली जावंसं वाटलं. पण काय सांगून जायचं? लॅपटॉप तर छान चालत होता. एकदा तर चालू लॅपटॉपची वायर हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी ती सोडून दिली. येत्या रविवारी काही निमित्त न करता जायचं, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी त्या गेल्या, तर दाराला कुलूप होतं. खिडकीतून रिकामी खोली दिसत होती.

"वो साहब तो चले गए दीदी," ब्लॉकचा गार्ड म्हणाला. "जगदलपुर ट्रांसफर हो गया. परसों सामान गया, आप ऑफिस में थीं."

वर जाण्याऐवजी मायाताई चालत मोठ्या रस्त्यावर आल्या आणि बसथांब्यावर जाऊन बसल्या. दोन्ही बाजूंना रस्ता मोकळा होता. ऊन उतरेपर्यंत त्या तिथंच होत्या. ड्यूटी संपवून सायकलवरून निघालेला गार्ड त्यांना पाहून थांबला.

"आज बस नइ आवय दीदी, इतवार हे."

"हव, जानत हंव," मायाताई त्याच्याच छत्तीसगढीत म्हणाल्या.

तो एक पाय टेकवून थोडा वेळ उभा राहिला. पलीकडं त्याचं गाव होतं, शेत या रस्त्यात गेलं होतं, त्याबद्दल काहीबाही बोलला. मायाताईंनी त्याला मुलं किती ते विचारलं. मग तो गेला. सायकल दिसेनाशी झाल्यावर त्या उठल्या आणि घरी येऊन त्यांनी एकटीपुरता भात टाकला.