पंगत उठल्याशिवाय

गंगेकाठच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरात लग्न किंवा मुंज ठरली, की मुहूर्तापाठोपाठ दुसरी चौकशी व्हायची ती बिंदूनाना त्या दिवशी मोकळे आहेत का याची. बिंदुमाधव टोकेकर, वय बासष्ट. धोतर, कमरेला आवळलेलं उपरणं, आणि वाढायला काही नसलं की स्वतःच्या हातांचं काय करावं ते न सुचणारा माणूस. पोटापाण्यासाठी ते एका पाठशाळेत कारकून होते, पण ती गोष्ट पाठशाळेलासुद्धा फारशी आठवत नसे. नाना म्हणजे वाढपी.

त्यांचं एक शास्त्र होतं. जेवणारा तोंडाने काय म्हणतो ते ऐकायचं नाही, हात बघायचा. एक हात पानावर आडवा आला, तर अजून एक जिलबी बसते. दोन्ही हात आडवे धरून माणूस पानावर ओणवा झाला, तरच खरं ‘नको’. पुण्याच्या एका पाहुण्याने एकाच हाताने मनापासून नको म्हटलं होतं. तो पुढे दोन दिवस बालाजी घाटावर उताणा पडून होता. नाना म्हणाले, चूक त्याची. दुसरा हात कशाला दिलाय देवाने?

आणि एक नियम. वाढप्याने शेवटी जेवायचं. पंगत उठल्याशिवाय घास नाही. स्वतःच्या लग्नात नवरदेव म्हणून पाटावर बसवलेले असताना समोरच्या ओळीत मठ्ठा पोचला नाही हे त्यांना दिसलं, आणि मुंडावळ्या मागे टाकून ते मठ्ठ्याचं भांडं घेऊन निघाले. शरदिनीकाकू अजून सांगतात, ‘पहिला घास मी भिंतीला भरवला.’

अशा माणसाच्या मुलाने, निनादने, शहाण्णव साली गल्लीच्या तोंडाशी पिझ्झाचं दुकान काढलं. भागीदार एक डच माणूस, यान. तो घाट बघायला म्हणून आला आणि सहा वर्षं बघतच राहिला. त्याने चुनारच्या विटांची भट्टी बांधली आणि मागच्या खोलीत मातीच्या रांजणात जवाची बिअर लावायला घेतली. गंगेकाठी ती उघड कशी द्यायची? म्हणून चहाच्या केटलीतून कपात ओतली जाई, आणि गोरे पाहुणे भर दुपारी तासन् तास चहा पीत बसत. केटलीत काय आहे ते नानांनी विचारलं नाही, निनादने सांगितलं नाही. घरं अशीच चालतात.

दुकान चकाचक चाललं. निनादला मात्र एकच गोष्ट खात होती. पाच महिने झाले, नानांनी तिथे घास घेतला नव्हता. गल्लीतला पानवाला रोज पान लावता लावता विचारी, ‘का गुरू, नानाजी ने खाया?’ निनाद मान खाली घालून पान तोंडात टाकी. चूक काय आहे हेही कळेना. त्याने कांदा-लसणाशिवाय पिझ्झा केला. चीज घरच्या म्हशीच्या दुधाचं केलं. शरदिनीकाकूंनी घरी आलेले दोन तुकडे खाऊन निकालही दिला होता की हे बरं आहे, भाकरीवरच भाजी वाढली म्हणजे एक ताटली कमी घासायची. नाना नुसतं म्हणत, येईन की, घाई काय आहे. निनादला वाटे, बापाला आपला धंदा कमी वाटतो. कमी वाटत असेल तर तसं सांगावं. न सांगता रोज वाण्याकडे जाताना समोरून निघून जाऊ नये.

शेवटी मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी काकूंनी नानांना पुढे घालून आणलंच. निनादने मधलं टेबल पुसून ठेवलं होतं. काकू समोर बसल्या. नाना बसले, म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकले. निनादने स्वतः पीठ थापलं, टोमॅटो घातले, चीज घातलं, भट्टीत सरकवलं आणि पिझ्झा आणून समोर ठेवला.

नानांनी ताटाकडे पाहिलंच नाही. ते शेजारच्या टेबलाकडे बघत होते. तिथे चौघं बसली होती. तिघांचं आलं होतं, तिघं खात होती, आणि चौथी मुलगी रिकाम्या ताटलीसमोर हसत बसली होती.

‘हिला वाढलं नाही,’ नाना म्हणाले.

निनादने समजावलं की तिचा पिझ्झा वेगळा आहे, भट्टीत आहे, येतोच आहे, इथे ज्याचं त्याचं वेगळं येतं. नानांना ते पटण्यासारखं नव्हतं. एकाच पंगतीत एक जण जेवतो आणि एक जण बघतो हे त्यांनी पंचेचाळीस वर्षांत होऊ दिलं नव्हतं. ते उठले. आपला पिझ्झा उचलला आणि त्यातले दोन तुकडे त्या मुलीच्या ताटलीत गेले. मुलगी ‘नो, नो’ म्हणत राहिली आणि तिने एक हात आडवा धरला. एकच. तिसरा तुकडा गेला.

मग नानांना कोण थांबवणार? त्यांनी उपरणं आवळलं, भट्टीपाशी जाऊन ताट घेतलं आणि उजव्या बाजूने सुरुवात केली. ज्याने टोमॅटोचा मागवला होता त्याला सिमला मिरचीचाही मिळाला. भोसले घाटाची चित्रं काढणाऱ्या एका लांब दाढीवाल्याला ‘संकोच नको’ असं मराठीत दोनदा बजावण्यात आलं, आणि त्याने तो खरंच सोडला. फक्त केटलीपाशी आले की नाना नजर गंगेकडे वळवून पुढे सरकत. यान भट्टीसमोर घामाघूम झाला होता आणि कुणी काय मागवलंय हे विचारायचं त्याने सोडून दिलं होतं.

‘नाना, तुम्ही बसा ना,’ निनाद म्हणाला. ‘तुमच्यासाठी दुसरा टाकतो.’

‘पंगत उठू दे.’

पण ती उठेना. लग्नाची पंगत उठते, खरकटं निघतं, दुसरी बसते. इथे एक टेबल उठलं की दुसऱ्यावर तिघं येऊन बसत. दाढीवाला गेला, त्याच्या जागी दोन फ्रेंच आले. दीड तास झाला. नाना पाय ओढायला लागले होते, पण ताट खाली ठेवत नव्हते. बिनशेवटाची पंगत त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

आणि तेव्हा निनादच्या डोक्यात उजेड पडला. पाच महिने बाप रोज समोरून जात होता, आत डोकावत होता, आणि रोज आत कुणीतरी जेवत होतं.

तो दाराशी गेला. बाहेर सहा इटालियन पायऱ्या चढून येत होते. सहा जण, आणि तेही इटालियन. त्यांना आत घे म्हणून यानने हात जोडले. निनादने त्यांच्या तोंडावर दार ओढून घेतलं, अडसर घातला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

आतली टेबलं एकेक करून उठली. निनाद दार किलकिलं करून एकेकाला बाहेर सोडी आणि पुन्हा अडसर घाली. शेवटी कोपऱ्यात एक जर्मन आजीबाई उरली. ती पुस्तक वाचत वाचत कडेचा तुकडा उंदरासारखा कुरतडत होती. यान तिच्याकडे निघाला तसा नानांनी त्याला मनगटाला धरून थांबवलं. जेवणाऱ्याला घाई करायची नसते. वीस मिनिटं तिघं तिच्या जबड्याकडे बघत उभे होते. तिने पुस्तक मिटलं, बोटं पुसली, नानांना वाकून नमस्कार केला आणि गेली.

नाना खुर्चीवर बसले. या खेपेला पूर्ण बसले. निनादने ताजा पिझ्झा आणला. नानांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, कडेला चार चिमटी चित्राहुती घातल्या, चीजसकट, आणि आपोष्णी घेऊन जेवायला लागले. जेवताना त्यांचं मौन असे, त्यामुळे कसा झालाय हे विचारण्यात अर्थ नव्हता. चेहऱ्यावरून काही कळेना. दोन तुकडे संपले.

निनाद तिसरा घेऊन वाकला. नानांचा हात ताटावर आडवा आला.

निनादने हात मोजला. एक.

त्याने तुकडा वाढला, मग त्यावर चौथा वाढला. नानांनी तेही संपवले. पाचव्याला मात्र ते दोन्ही हात धरून ताटावर असे ओणवे झाले की उपरण्याचं टोक टोमॅटोत बुडालं. निनाद पाचवा तुकडा घेऊन मागे सरला. त्याचे डोळे भट्टीच्या धुराने लाल झाले होते, असं त्याने यानला सांगितलं.

नानांनी शेवटचं पाणी घेतलं आणि मौन सोडलं.

‘वाढप बरं आहे तुझं,’ ते म्हणाले.

‘त्याला म्हणावं, इकडेही बघ,’ शरदिनीकाकू म्हणाल्या. समोरच्या खुर्चीवर त्या दुपारपासून रिकाम्या ताटलीसमोर बसल्या होत्या, आणि पंचेचाळीस वर्षं पंगत सांभाळणाऱ्या माणसाला तेवढी एकच ताटली दिसली नव्हती.