जयसिंगाची जांभई

साळूबाईला कोर्टाचा वीट आला होता, आणि का येऊ नये? दीड वर्ष झालं, न्हावऱ्याहून एस्टीनं घोडनदीला यायचं, कोर्टासमोरच्या लिंबाखाली फतकल मारून बसायचं, आणलेली भाकरी खायची, आणि उन्हं कलली की शिपायानं येऊन सांगायचं, "पुढची तारीख पडली, मावशी." कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील पुण्याला. माणसानं खरं बोलायला यावं आणि ते ऐकायला कुणी जागेवर असू नये, याला काय म्हणायचं! तिचे गुडघे एस्टीच्या पायऱ्या चढून पार कामातून गेले होते.

बरं, केस तिची नव्हती, भाचीची होती. गिताबाई तिच्या भावाची पोर. आई लवकर गेली म्हणून साळूबाईनंच तिला पदराखाली वाढवली. साळूबाई तरुणपणीच विधवा झालेली, आणि नशीब बघा, भाचीचंही कपाळ तसंच निघालं. मग गावातल्या पोपटरावांनी मध्ये पडून जयसिंगाशी तिचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावून दिला. जयसिंगाची पहिली बायको वारलेली, घरी विहीर, बैलजोडी, सगळं बरं. पुढं मुलगी झाली आणि बापानं तिचं नाव नकुशी ठेवलं, तेव्हाच खरं तर ओळखायला हवं होतं.

मधे पडलेला दुष्काळ सरला, विहिरीला पाणी आलं आणि जयसिंगाला नवा संसार सुचला. वरवंडची कोवळी पोर वाजतगाजत करून आणली आणि गिताबाईला लेकीसकट दाराबाहेर काढलं. गिताबाईनं पोटगीसाठी कोर्ट गाठलं, तर हा बाबा छातीठोक सांगतो, "ही माझी बायकूच न्हाई. रोजानं कामाला व्हती." म्हणजे कोर्टानं त्याचं ऐकलं, तर गिताबाई ठेवलेली ठरणार आणि नकुशीला बापाचं नाव राहणार नाही. गिताबाईला पोटगीपेक्षा याचीच धास्ती होती.

साक्षीला उरलं कोण? पाट लावणारे भटजी वारले, तेव्हा जमलेल्या म्हाताऱ्याही एकेक करून गेल्या. पोपटरावांना अचानक काहीच आठवेना, कारण आता ते जयसिंगाच्या ओसरीवर चहाला बसायचे. राहिली एकटी साळूबाई.

पण पाटाची एक रीत होती. लग्नासारखं ते दिवसाढवळ्या, वाजंत्री लावून होत नसे. सवाष्णींनी तिकडं फिरकायचं नाही, भटजी सोडला तर विधवा बायकांनीच सगळं करायचं, दिवा मिणमिणता ठेवायचा, आणि नवराबायकोची तोंडं सकाळपर्यंत कुणी म्हणजे कुणी बघायची नाहीत. बघितली तर संसार टिकत नाही म्हणत. म्हणून अक्षता टाकताना सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करायचं.

साळूबाईनं तोंड फिरवलं नव्हतं. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली भाची कुणाच्या हाती देतोय, ते तिला बघायचं होतं. पदराआडून तिनं हळूच पाहिलं, आणि दिसलं काय, तर जयसिंग तोंड वासून जांभई देत होता! पुढं संसार मोडला तेव्हा तिला ती जांभई आठवली. आपण बघितलं म्हणूनच मोडला, असं तिला वाटायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, गिताबाईला तर नाहीच नाही.

त्यांचा वकील भला माणूस होता. साळूबाई साक्षीच्या कठड्याला घाबरते हे बघून तो म्हणाला, "मावशी, इथं थेटरात कोर्टाचा पिक्चर लागलाय. बघून या दोघी. कठड्याची भीती जाईल."

तारीख पडलीच होती, तेव्हा दोघी गेल्या. पिक्चरात नवराबायकोचंच भांडण. तो म्हणे ही आपणहून घर सोडून गेली, ती म्हणे यानं मला हाकललं. दोघांनी गीतेवर हात ठेवलेला, दोघंही घळाघळा रडत होते. वकील तर असे ओरडत होते की साळूबाईनं कानावर पदर ओढला. पण खेळ सुटायच्या आधीच न्हावऱ्याची शेवटची एस्टी सुटायची. बाई पुन्हा कठड्यात उभी राहिली आणि ह्या दोघी पिशवी उचलून अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर पडल्या. त्या बाईचं खरं होतं की खोटं, ते कळलंच नाही.

"खोटी व्हती ती," एस्टीत गिताबाई म्हणाली. "लई रडत व्हती."

"खरं बोलणाराला रडू येत न्हाई व्हय गं?"

"मला कुठं येतंय?" असं म्हणून गिताबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

शेवटी एकदाची साक्षीची वेळ आली. साळूबाई कठड्यात चढली आणि इकडंतिकडं बघायला लागली. "पुस्तक कुठंय?" तिनं विचारलं. शिपाई हसला. इथं पुस्तकबिस्तक काही नव्हतं. देवाला स्मरून खरं सांगेन म्हणायचं, झालं. वर पंखा करकरत होता. साहेब स्वतःच्या हातानं लिहून घेत होते आणि दर वाक्याला म्हणत होते, "सावकाश, बाई, सावकाश."

वकिलानं तिला आधीच बजावलं होतं, ऐकीव चालत नाही, डोळ्यांनी बघितलेलंच सांगायचं. त्यानं विचारलं, "पाट कुणाशी लागला?"

"जयसिंगाशी."

"कशावरून?"

साळूबाईनं गिताबाईकडं पाहिलं. पोर दोन्ही हात जोडून बसली होती. बघितलं नाही म्हणावं तर नकुशीचा बाप जातो, बघितलं म्हणावं तर भाचीचा संसार आपण मोडला हे तिच्या तोंडावर कबूल होतं. शपथ तर घेऊन झाली होती. ती म्हणाली, "म्या बघितलं. ह्या डोळ्यांनी."

समोरचा वकील जवळच्याच गावचा, पाटाची रीत जाणणारा. तो असा सावकाश उठला, जणू ताटच वाढून पुढं आलं होतं. "बाई, पाटाला तोंड बघतात का?"

"न्हाई बघत."

"मग तुम्ही कसं बघितलं?"

"बघितलं."

"काय करत होता जयसिंग?"

"जांभई देत व्हता."

कोर्टात खसखस पिकली. साहेबांनीही लेखणी थांबवून ओठ आवळले. आणि खुद्द जयसिंग, मेला, त्यालाही हसू आवरेना. वकील म्हणाला, "साहेब, रीत काय आहे ते बाईंनीच सांगितलं. तोंड बघितलं असेल तर तो रीतीचा पाट नव्हे, आणि रीतीचा असेल तर बाई खोटं बोलतात." साळूबाई कठड्याला धरून उभी राहिली. तिला एवढंच म्हणायचं होतं की अहो, खोटंच सांगायचं असतं तर जांभई कशाला सांगितली असती? पण ते कुणी विचारलंच नाही. शिपाई म्हणाला, "उतरा, मावशी."

निकाल पुढं महिन्यानं लागला. लग्न शाबीत होत नाही. वकिलानं वरच्या कोर्टाचं नाव काढलं, पण पुण्याला कुणी खेपा घालायच्या? दोघी गुमान एस्टी स्टँडवर आल्या, गाडीत बसल्या. गाडी घोडनदीच्या बाहेर पडली. मग गिताबाईनं साळूबाईचा हात धरला.

"आत्या, एक विचारू? तू माझ्यासाठी खोटं बोललीस ना?"

साळूबाईनं हात सोडवून पिशवी सावरली.

"म्हंजी मी तुला बोल लावत न्हाई," गिताबाई घाईनं म्हणाली. "फकस्त सांग. महिनाभर मला झोप न्हाई. खरंच बघितलं असशील, तर मग माझं घर..." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांना धार लागली.

साळूबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. देवाला स्मरून खरं सांगितलं, तर भर कोर्टात खोटी ठरले. आता इथं कुठला साहेब बसलाय लिहून घ्यायला?

"खोटंच गं, बाई," ती म्हणाली. "आगं पाटाला कुणी बघतं व्हय? भिताडाकडं तोंड व्हतं माझं."

गिताबाईनं मोठा श्वास सोडला. पदरानं डोळे पुसले आणि मग एकाएकी तिला हसूच फुटलं. "आन् जांभई? ती कुठनं सुचली गं तुला?"

"सुचली आपली."

गिताबाई हसत हसत तिच्या खांद्याला टेकली आणि जरा वेळानं तिथंच झोपून गेली. साळूबाईचा खांदा अवघडला, गुडघा ठणकायला लागला, पण न्हावरं येईस्तोवर ती हलली नाही.