काचेवरचं तेल

आईला नाही, खोलीतल्या मित्राला नाही — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, पण मध्येच "जाऊ दे रे, लहान होतास" असं म्हणायचं नाही. लहान नव्हतो. कॉलेजात होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला पहिला मीच.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतर सुट्टीत मला भवानी पेठेतल्या एका दवाखान्यात काम मिळालं. मागावर काम करणाऱ्यांची क्षयासाठी तपासणी चालली होती. थुंकी काचेवर पसरायची, रंगवायची, वर तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघायची. निळ्यावर लाल काड्या दिसल्या तर क्षयाचे जंतू. पण डॉक्टरांना आणखी एक हवं होतं — ही तपासणी किती खरी, तेही मोजायचं होतं. म्हणून प्रत्येक काच दोघांनी बघायची. आधी लॅबमधले जुने गायकवाडमामा, मग मी. एकाचा निकाल दुसऱ्याला आधी कळता कामा नये. "एकमेकांना विचारलंत, तर सगळं फुकट," डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी विचारलं नाही. एकदाही नाही.

शनिवारी डॉक्टर दोघांचे निकाल शेजारी ठेवून बघत. पहिल्याच शनिवारी माझे जुळले नाहीत. मामा सगळ्यांदेखत हसले. "काय कालिजकुमार, डोळं हायत का सदऱ्याची बटनं?" कंपाउंडरही हसला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "असंच राहिलं तर दुसरा मुलगा बघावा लागेल." घरी काय सांगणार होतो? पोराला शिकवलं, पण त्याला दिसत नाही?

मग एक गोष्ट लक्षात आली. मामा काचेवरचं तेल पुसत नसत. जंतू दिसले की ते तिथंच थांबत — तेलाचा डाग एका कोपऱ्यात. नाही दिसले तर शेवटपर्यंत शोधत — तेल या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेलं. कळतंय ना? काच उजेडाकडं तिरपी धरली की मामांचा निकाल मला आधीच दिसायचा.

आणि मी धरू लागलो. मायक्रोस्कोपमधून बघायचो, हो — पण लिहायचो ते तेल सांगेल तसं. मामा खूश झाले. "आता कसं! आली की नजर तुला."

एवढ्यावर थांबलं असतं तर ही नुसती लबाडी. पण एक काच आली. तेल टोकापासून टोकापर्यंत — म्हणजे मामांना काही सापडलं नव्हतं. मी डोळा लावला. कडेला, रंग जाड बसला होता तिथं, लाल काड्या. काच हलवली, परत आणली. होत्याच.

मला दिसल्या. हे ठणकावून सांगतो — माझी नजर खोटी नव्हती. आणि मी लिहिलं, जंतू नाहीत.

भ्यालो म्हणून? भ्यालो होतोच. पण भ्यायला काय, सगळेच भितात. काचेवर नाव नसे, नुसता क्रमांक. तो माणूस कोण, बाई की बुवा, मला माहीत नाही — आणि हे मला सोयीचं वाटलं, तेही लपवत नाही. "तुला काही नाही" हे ऐकून कुणीतरी घरी गेलं. परत मागावर उभं राहिलं. पोरांशेजारी झोपलं.

सुट्टी संपताना डॉक्टर म्हणाले, दोघांचं इतकं जुळतंय म्हणजे तपासणी भरवशाची. यापुढं एकानं बघितलं तरी पुरे. माझ्या पाठीवर हात ठेवला. खरं तर दोघांनी कधी बघितलंच नव्हतं — मामांनी बघितलं होतं आणि मी मामांना. तेव्हा बोलता आलं असतं. काच अजून पेटीत होती, क्रमांक मला पाठ होता. मी म्हणालो, "थँक्यू सर."

दोष तपासणीला देऊ नका. मामांनाही नाही. त्यांच्याकडून एक काच सुटली. सुटलेली धरायलाच तर मला बसवलं होतं.

ज्यांच्यावर जंतू नाहीत अशा काचा उकळून, धुऊन परत वापरायला ठेवत. ते कामही माझंच. त्या ढिगात ती काच मी ओळखली. इतरांपेक्षा जास्त घासली.