माझी भूक, साडूचे उंदीर

माझ्या साडूचा मला राग येतो आणि तो राग मी फार आवडीने जपला आहे. माणूस हुशार, नम्र, शिडशिडीत, केस अजून काळेभोर. राग यायला एवढे पुरेसे होते. वर तो भुकेवर संशोधन करतो. म्हणजे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांना खायला घालतो आणि त्यांच्या रक्तातली संप्रेरके मोजतो.

आता भुकेबद्दल बोलायचा हक्क कोणाला असेल तर तो मला. मला गाता येत नाही, भाषण येत नाही, नोकरीत बढती मिळाली नाही. पण मोताळ्यापासून चिखलीपर्यंत कुठल्याही पंगतीत मी बसलो की वाढपी एकमेकांकडे बघतात. माझ्या जेवणाच्या गोष्टी लोक सांगतात. त्यातल्या निम्म्या मीच पसरवल्या, पण बाकीच्या अर्ध्या खऱ्या आहेत.

अधिक महिना आला आणि सासूबाईंनी दोन्ही जावयांना धोंडे खायला अमडापूरला बोलावले. पाय धुतले, कुंकू लावले, पाटावर शेजारी शेजारी बसवले. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. सासूबाई स्वतः वाढतात, आणि जावयाने नको म्हटले तर तो माहेर-सासर दोन्हींचा अपमान समजतात. मी रंगात आलो होतो. साडू एकच धोंडा कुरतडत बसला होता.

"काऊन खाऊन नाही राह्यले, धाकले जावईबापू? मोठ्यायकडे पाहा बरं."

"तेच पाहतोय, आई," तो म्हणाला आणि डाव्या हाताने फोन काढून त्याने एक फोटो पुढे केला. दोन उंदीर. एक सडपातळ, दुसरा गाठोड्यासारखा. "हे सख्खे भाऊ. या जाड्याची काही चूक नाही. अंगातली चरबीच एक संप्रेरक सोडते. ते मेंदूला सांगतं, साठा भरला, आता थांब. याच्या अंगात ते तयारच होत नाही. माणसात बहुतेकदा होतं, भरपूर होतं, पण मेंदू ऐकत नाही. दादांचं तसंच असणार. त्यांना कोणी खादाड म्हणू नये."

सासूबाईंनी फोन लांब धरला. बारक्या उंदराकडे पाहिले, मग साडूकडे. जाड्या उंदराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"म्हंजे बिमारी हाये," त्या म्हणाल्या. "बिचारे."

आयुष्यभर लोकांनी मला खादाड म्हटले, राक्षस म्हटले. त्या प्रत्येक शिवीत थोडी दाद असायची. या माणसाने मला निर्दोष ठरवले आणि माझ्याजवळ होते-नव्हते ते सगळे काढून घेतले. कालपर्यंत मी जेवणारा होतो, आता रोगी झालो.

"माझी भूक माझ्या हुकमात आहे," मी म्हणालो. "मनात आलं तर खातो, मनात आलं तर थांबतो."

"सगळ्यांना तसंच वाटतं, दादा," तो मायेने म्हणाला. ती माया मी त्याला कधीही माफ करणार नाही.

मी ताटावर हात आडवा धरला. सासूबाई धोंडा घेऊन समोर उभ्याच होत्या.

"हात काढा, जावईबापू."

"बस. पोट भरलं."

"आजलोक भरलं नाही, ते आजच भरलं? माह्या हातचं गोड नाही लागून राह्यलं, असं सांगा सरळ."

बायको स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारत होती. मी हात काढला नाही. सासूबाई गर्रकन वळल्या आणि माझ्या वाट्याचे सगळे त्यांनी साडूच्या ताटात ओतले. "तुमाले तं बिमारी नाही ना? मंग खा."

त्याने खाल्ले. गिळता गिळता त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या ताटातल्या तुपाचा वास माझ्यापर्यंत येत होता आणि मी भिंतीवरचे कॅलेंडर वाचत बसलो होतो.

हात धुताना त्याने मला गाठले. "एका जेवणापुरतं कोणीही थांबतं," ढेकर दाबत तो म्हणाला. "शरीर विसरत नाही. आता भूक जास्तच लागेल. पण ती तुमची चूक नसेल."

"तुझे उंदीर तुलाच लखलाभ," मी म्हणालो. मी त्याचा निरोप घेतला नाही आणि सासूबाईंनी मला दिला नाही.

बुलढाण्याला बस बदलली. राजूर घाट उतरायला लागलो आणि बायकोने पिशवीतून डबा काढला. "मायनं रागारागातच भरून देल्ला. खा आता, तो काही पाहून नाही राह्यला."

"मला भूक नाही."

"मंग डब्यावरची नजर काढा."

मी घाट संपेपर्यंत थांबलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मग सगळे धोंडे खाल्ले, स्वतःच्या मर्जीने.

"भरलं का आता पोट?" बायकोने विचारले.

मी रिकाम्या डब्याचे झाकण लावून तो तिच्या हातात दिला. खरे उत्तर दिले असते, तर ते त्याच संध्याकाळी तिच्या बहिणीच्या फोनवरून साडूपर्यंत पोचले असते.