पंतप्रधानांच्या भाषणातलं पाणी

पासष्टच्या लढाईत तिरोडीच्या मँगनीज खाणीवर ठेकेदाराचा एक मुन्शी रोज सकाळी मजूर बायांना पेपरातलं पंतप्रधानांचं भाषण वाचून दाखवायचा. आधी टोपी सरळ करायचा, घसा खाकरायचा, मग पेपर डोळ्यांपुढे धरायचा. युनियनची पत्रकं वाटायला गेलेला मी ऐकत थांबलो. जवानांचं, धान्याचं वाचून झालं आणि त्याच सुरात तो म्हणाला, “अन् बायांनी पाणी प्याले घडीघडी उठू नये.”

दगड फोडणाऱ्या एका म्हातारीने विचारलं, “काहून जी मुन्शीजी, दिल्लीवाल्याले आमच्या घागरीचं कोणं सांगतलं?”

“पंतप्रधानाले सगळं ठाऊक राह्यते, बाई.”

असले देशभक्त मी पुष्कळ पाहिलेत. त्याग नेहमी दुसऱ्याच्या घशातून करतात. मी त्याच्या हातातला पेपर घेतला आणि मोठ्याने वाचलं, “दर घंट्याले बायांनी पोटभर पाणी प्यावं.”

मुन्शी पेपरावर वाकला. “हे कुठं लिहिलं हाय?”

“तुमच्या ओळीच्या खालीच, मुन्शीजी.”

बाया घागरीकडे निघाल्यासुद्धा होत्या.